बडोद्यात गुप्तहेर खपत का नाहीत?

(दृश्य: दांडिया बाजार, दुपार. एका मराठी वाचनालयातलं लाकडी कपाट.)

वरच्या फळीवर चार नवी कोरी पुस्तकं आहेत. जगभर गाजलेल्या हेरकादंबऱ्यांचे मराठी अनुवाद, नवं मुखपृष्ठ घालून पुन्हा छापलेले. त्यातल्या एकाचं शेवटचं पान उघडूया. तारखेच्या चिठ्ठीवर एकच शिक्का. आता खालच्या फळीवरचं हे बघा. मूळ कव्हर कधीच गेलंय, वर खाकी कागद चढवलाय, पानांच्या कडा झिजल्यात. चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवलीय, शिक्क्यावर शिक्के पडलेत. आणि चौसष्टाव्या पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, ‘खून दिवाणजीनं केलाय.’

(दृश्य: जुन्या रहस्यकथांची मुखपृष्ठं, एकामागून एक.)

बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंझार, काळा पहाड या त्यांच्या नायकांची नावं काढली की बडोद्यातल्या सत्तरीच्या माणसाचा चेहरा आजही खुलतो. पुढे गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला, सुहास शिरवळकरांचा अमर विश्वास आला. पुण्या-मुंबईहून पार्सल यायचं आणि वाचनालयात नंबर लागायचे. तेव्हा इथल्या मराठी माणसाला या वाङ्मयाची गोडी नाही, असं कुणी म्हणू नये.

फक्त एक लक्षात घ्यायला हवं. ही पुस्तकं विकत घेणारी घरं तेव्हाही थोडीच होती. पुस्तक आणायचं, जेवणं झाल्यावर घरातल्या तिघांनी आळीपाळीनं वाचायचं, मुदतीच्या आत परत करायचं आणि पुढचं आणायचं.

(दृश्य: मांडवी, मध्यवर्ती ग्रंथालय. लोखंडी मांडण्या, काचेची जमीन, खालून वर येणारा उजेड.)

ही सवय या शहराला महाराजांनी लावली. 1910 मध्ये सयाजीरावांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं विणलं. लाकडी पेट्यांत भरून पुस्तकं खेडोपाडी फिरायची. याच महाराजांनी चांगले ग्रंथ मराठीत आणि गुजरातीत यावेत म्हणून दोन लाख रुपये काढून ठेवले, सयाजी साहित्यमाला सुरू केली, अनुवाद करवून घेतले. परक्या भाषेतलं पुस्तक आपल्या भाषेत आलं पाहिजे आणि ते गरिबाच्याही हाती पडलं पाहिजे, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र धरल्या होत्या. मला वाटतं, आज अनुवाद होतोय, पण दुसरी गोष्ट सुटलीय.

साडेतीनशे पानांचा अनुवाद आज चारशे रुपयांच्या आसपास पडतो. प्रकाशकाला तरी दोष काय द्यायचा? मूळ लेखकाचे हक्क घ्यायचे, अनुवादकाला मानधन द्यायचं, विक्रेत्याला सवलत द्यायची, कागदाचा भाव चढलेला. महाराष्ट्रात निदान अनुदानित ग्रंथालयांच्या खरेदीचा टेकू असतो. तिथला ग्रंथालय कायदा 1967 चा, आणि तो महाराष्ट्रापुरता. बडोद्याचं मराठी वाचनालय वर्गणीवर आणि देणग्यांवर चालतं. त्यात पुस्तकं स्वस्तात पाठवायची रजिस्टर्ड बुक पोस्टची सोय डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली. पुढे मे 2025 मध्ये पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही टपालाची नवी सोय आली, पण मधल्या काळात लहान वाचनालयांनी मागवण्याच्या याद्या छाटल्या, आणि छाटताना पहिला बळी कादंबरीचा गेला.

(दृश्य: नव्या मुखपृष्ठाचा क्लोज-अप. पिस्तूल, पाठमोरा माणूस, धूर.)

हे मुखपृष्ठ नीट बघा. आत काय आहे, याचा इथे पत्ताच नाही. हेरकथा म्हटलं की आपल्याकडे पिस्तूल काढतात. इयान फ्लेमिंगच्या 1953 पासूनच्या बाँडला ते शोभतं. पण जॉन ल कारे? हा माणूस स्वतः ब्रिटिश हेरखात्यात नोकरीला होता. 1963 मध्ये त्याच्या कादंबरीनं जग हलवलं, ते गोळीबारामुळे नव्हे. त्याचा जॉर्ज स्माइली बुटका, जाड, चष्मेवाला. निवृत्त झालेला, पुन्हा कामावर बोलावलेला. फायली वाचणं, जुन्या सहकाऱ्यांना भेटून बोलतं करणं आणि आपल्याच कचेरीतला फितूर कोण ते हुडकणं, हे त्याचं काम. रिफायनरीत, खतांच्या कारखान्यात, युनिव्हर्सिटीच्या कचेरीत तीस-तीस वर्षं काढलेल्या माणसांच्या या गावाला याहून जवळचा नायक कुठे मिळणार! ज्याला तो आवडला असता तो पिस्तूल बघून पुस्तक खाली ठेवतो, आणि पिस्तुलासाठी घेणारा चाळीस पानांत कंटाळतो.

शिवाय बडोद्याला हेरगिरी शिकवायला लंडनहून कुणी यायला नको.

(दृश्य: मल्हारराव गायकवाडांचं जुनं छायाचित्र.)

9 नोव्हेंबर 1874. रेसिडेंट, म्हणजे बडोदे दरबारातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, कर्नल फेअर सकाळी फिरून आला, सरबताचा घोट घेतला, चव बिघडलेली वाटली म्हणून उरलेलं फेकून दिलं. ग्लासच्या तळाला राहिलेला गाळ तपासला, तेव्हा त्यात सोमल हे विष आणि हिऱ्याची पूड निघाली. चौकशीत पुढे आलं ते कोण? रेसिडेन्सीतले नोकर आणि एक आया. साहेबाच्या बंगल्यातल्या बातम्या राजवाड्यावर पोचत होत्या. विषप्रयोगाचा आरोप महाराज मल्हाररावांवर आला. चौकशी मंडळात सहा जण. तिघे इंग्रज म्हणाले गुन्हा शाबीत, तिघे हिंदी म्हणाले नाही. तरीही 1875 मध्ये मल्हाररावांना गादीवरून उतरवलं गेलं. उत्तम हेरकथेत असतं ते सगळं इथे आहे: घरातला माणूस, पैसे, भीती, आणि शेवटपर्यंत न उलगडलेला संशय. ही हकिगत इथल्या जुन्या घरांतून आजही रंगवून सांगतात. अशा वाचकाला ल कारे जड जाईल, हे मला पटत नाही.

तरुणांचं वेगळं आहे. घरात मराठी, शाळा गुजराती किंवा इंग्रजी. देवनागरी वाचता येते, पण चारशे पानं वाचायचा सराव नाही. ज्याला हेरकथा हवी तो इंग्रजीच घेतो, जुनी प्रत शंभर रुपयांत मिळते. त्याच्या मागे लागून उपयोग नाही. साठी ओलांडलेला, वेळ हाताशी असलेला वाचक इथे भरपूर आहे, आणि त्याच्याकडे बघून कुणी ही पुस्तकं काढत नाही.

त्या वाचकाला लागते मालिका. नायक ओळखीचा झाला की पुढचा भाग हवाच. इथे होतं असं, की एक भाग येतो, खप होत नाही, दुसरा निघतच नाही. वाचनालयातल्या बाई सांगतात, ‘लोक विचारतात, पुढचा आहे का? नाही म्हटलं की पहिलाही ठेवून जातात.’

(दृश्य: वाचनालयाच्या टेबलावर नोंदवही, मागणीच्या याद्या.)

आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो. फ्लेमिंग ऑगस्ट 1964 मध्ये गेला, म्हणजे 1 जानेवारी 2025 पासून त्याच्या हयातीत निघालेल्या मूळ कादंबऱ्या भारतात मोकळ्या आहेत. अनुवादाला हक्काचा पैसा पडत नाही. ल कारे डिसेंबर 2020 मध्ये गेला. त्याच्यासाठी 2080 संपेपर्यंत हक्क घ्यावेच लागतील, आणि ते घेण्यासारखे आहेत. प्रकाशनपूर्व सवलतीची पद्धत मराठीत जुनीच आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरच्या वाचनालयांनी मिळून तीन भागांच्या संचाची आगाऊ नोंदणी करावी, आणि प्रकाशकानं तिन्ही भाग एकाच वर्षात द्यायचं लेखी कबूल करावं.