आजोबा उदगीरातच राहिले, राज्य मात्र बदलत गेलं

नमस्कार मंडळी. हा कागद बघा, जरा जवळ धरतो. माझ्या आजोबांचा शाळेचा दाखला. गाव उदगीर, जिल्हा बिदर. हो, बिदरच! आज उदगीर लातूर जिल्ह्यात आहे. आजोबांनी राहतं घर कधी सोडलं नाही. पण निजामाचं संस्थान, मग हैदराबाद राज्य, मग मुंबई राज्य आणि शेवटी महाराष्ट्र, हे सगळं त्यांनी त्याच वाड्यात बसून पाहिलं.

असं का होऊ शकतं, हे संविधानाच्या पहिल्या चार कलमांत आहे. कलम 1 म्हणतं, भारत हा राज्यांचा संघ असेल. राज्यांची नावं मात्र मागे, पहिल्या अनुसूचीत. 1950 साली तिथं अ, ब, क असे गट होते. हैदराबाद ब गटात, आणि राजप्रमुख, म्हणजे राज्याचा घटनात्मक प्रमुख, खुद्द निजाम! 1956च्या सातव्या घटनादुरुस्तीनं हे गट संपले.

आता गंमत ऐका. त्या अनुसूचीत महाराष्ट्राच्या नावापुढे ना नकाशा, ना नदी-डोंगराची सीमा. तिथं 1956च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या आठव्या कलमाकडे बोट दाखवलंय आणि 1960 साली गुजरातला गेलेला प्रदेश वगळलाय. म्हणून मी ते आठवं कलम उघडलं. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे हैदराबादचे जिल्हे मुंबई राज्यात घेतले. पण नांदेडमधून देगलूर तालुक्याची बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कलं, म्हणजे तालुक्यातले महसुली विभाग, वगळली. अदिलाबादचा किनवट तालुका इकडे आला. बिदरचे अहमदपूर, निलंगा आणि उदगीरही आले. आजोबांचा जिल्हा बदलला तो या एका ओळीनं. ती वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

यासाठी घटनादुरुस्ती लागते का? नाही. कलम 3 आणि 4 प्रमाणे साध्या बहुमताचा कायदा पुरतो. राष्ट्रपतींच्या शिफारशीनं विधेयक येतं, संबंधित विधानमंडळाचं मत मागवतात, पण ते संसदेवर बंधनकारक नाही. 1956ला मत मागवलं होतं महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई अशा तीन वेगळ्या घटकांवर. संसदेनं केलं एकच द्विभाषिक राज्य! पुन्हा विचारायला नको होतं का, हा वाद बाबुलाल पराते खटल्यात सर्वोच्च न्यायालयात गेला. 1959 साली निकाल आला: पुन्हा विचारायची गरज नाही. मला हे आजही पटत नाही. एवढा मोठा बदल असेल तर पुन्हा विचारायलाच हवं.

तरीही ही सैल गाठ ठेवली, हे बरंच झालं. नाहीतर मराठवाडा हैदराबादेतून सुटला असता का?

परदेशाला जमीन द्यायची असेल, तर मात्र कलम 3 चालत नाही. बेरुबारी हा पश्चिम बंगालचा भाग पाकिस्तानला द्यायच्या प्रकरणात न्यायालयानं तसं सांगितलं आणि 1960 साली नववी घटनादुरुस्ती करावी लागली.

किनवट, निलंगा, अहमदपूरकडच्या मंडळींनो, घरातली जुनी ट्रंक उघडा. खरेदीखत, दाखला, काहीही सापडलं तर त्यावरचा जिल्हा वाचून मला कळवा.