जुनं फायटर विमान लढाईत चालेल का? आधी तासांचा हिशोब मांडा

आवाज मागेपर्यंत येतोय ना? बरं. विमाननगर, धानोरी, कळसची मंडळी इथे असतीलच, त्यांना सुखोईचा आवाज मी वर्णन करून सांगायला नको, बोलता बोलता थांबायचं, ते जाऊ द्यायचं, मग वाक्य पुढे न्यायचं. पुण्यातला लोहगावचा हवाई दलाचा तळ १९३९ चा. तिथे १९८७ ला मिग-२९ आली तेव्हा ती अगदी नवी कोरी होती, आज त्याच जातीची विमानं अपग्रेड होऊन दुसऱ्या तळांवर उडतायत आणि आपण त्यांना जुनी म्हणतो.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. १९६३ पासून बासष्ट वर्षं सेवा. त्या दिवशी व्हॉट्सअपवर एक मेसेज फिरत होता की काढली कशाला, ठेवायची होती, मंजूर स्क्वाड्रन, म्हणजे विमानांच्या तुकड्या, ४२ आणि हातात उरल्या २९, युद्धात काहीतरी कामाला आली असती. मला त्या मेसेजवरच बोलायचंय, कारण तो काही अगदीच अडाणी नाहीये. माझं मत आधीच सांगून टाकतो, जुनं विमान चालतं, पण काही ठराविक कामालाच, आणि ते चालणार की नाही हे विमानापेक्षा जमिनीवर नि हवेत त्याच्या मागे काय उभं आहे त्यावर ठरतं.

हवाई संरक्षण म्हटलं की लोकांना डोळ्यापुढे दोन विमानांची झटापट दिसते. प्रत्यक्षात आधी शत्रू दिसायला लागतो, मग तो शत्रूच आहे हे ओळखायला लागतं, मग कुणालातरी तिथवर पोचवायला लागतं आणि शेवटी मारा. १९४० साली ब्रिटनवर जर्मन विमानं चालून आली तेव्हा सगळं कौतुक स्पिटफायरच्या वाट्याला आलं, पण जास्त विमानं पाडली हरिकेननं, जे तेव्हाही जुन्या घडणीचं होतं, अंगावर निम्मं कापड. ते जमलं कारण किनाऱ्यावर रडारची साखळी होती आणि ती माहिती ब्रिटनच्या फायटर दलाचा प्रमुख डाउडिंग याच्या कंट्रोल रूममधून पायलटपर्यंत वेळेत पोचत होती, उगाच हवेत तेल जाळत फिरायची गरज नव्हती.

आता उलटी बाजू बघा. १९९९ ला युगोस्लाव्हियाकडे मिग-२९ होती, म्हणजे त्या काळात भारी विमान, पण निर्बंधांमुळे सुटे भाग नाहीत, कित्येकांची रडार हवेत गेल्यावर धड चालेनात, सहा विमानं लढाईत गेली. आणि त्याच युद्धात २७ मार्चला साठच्या दशकातल्या एस-१२५ मिसाईलनं, जिला आपण पेचोरा म्हणतो, अमेरिकेचं एफ-११७ स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज न दिसणारं विमान, पाडलं, कारण ती तुकडी रडार अगदी मोजक्या सेकंदांसाठी चालू करायची आणि जागा सारखी बदलायची. म्हणजे वय एकटं काही सांगत नाही.

आता हिशोब. समजा एका भागावर चोवीस तास दोन विमानं गस्तीला हवीत, फक्त दोन. एक जोडी जागेवर दीड तास थांबू शकते असं धरू, म्हणजे दिवसाला सोळा जोड्या, बत्तीस सॉर्टी, म्हणजे उड्डाणं. एक विमान रोज दोनदाच उडवलं, युद्धात दोन-चार दिवस तीनदा चालतं पण महिनाभर नाही, तर सोळा विमानं लागली. आणि ती उडण्याजोगी सोळा, कागदावरची नाही. ताफ्यातली साठ टक्के कुठल्याही दिवशी तयार असतात असं धरलं तर मुळात सत्तावीस पाहिजेत, म्हणजे दीड स्क्वाड्रन गेली, एका जागेसाठी. आता हेच मिग-२१ नं करा. पोट छोटं, गस्तीच्या जागेवर अर्धा तास थांबलं तरी नशीब, सॉर्टी होतात शहाण्णव आणि लागतात अठ्ठेचाळीस तयार विमानं. डेपोत बस किती उभ्या आहेत याला अर्थ नसतो, सकाळी सहाला गेटबाहेर किती पडतात ते बघायचं असतं, तसंच हे.

म्हणून मिग-२१ नं गस्त घालायचीच नसते, ते रनवेच्या टोकाशी ओआरपीवर, म्हणजे सज्ज विमानांच्या जागेवर, तयार उभं राहायचं आणि स्क्रॅम्बलची, म्हणजे तातडीनं उडायची घंटा वाजली की सुटायचं, चढायला ते जबरदस्तच होतं. पण स्क्रॅम्बलला वेळ लागतो ना! क्रूझ मिसाईल जमिनीलगत ताशी नऊशे किलोमीटरच्या वेगानं येतं, म्हणजे मिनिटाला पंधरा किलोमीटर, आणि जमिनीवरच्या रडारला पृथ्वीच्या गोलाईमुळे ते चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आल्याशिवाय दिसत नाही. हातात मिनिटं उरली तीन. त्यात पायलट पट्टे आवळून उडणार कधी नि गाठणार कधी? वरून बघणारं विमान हवं, आणि आपल्याकडे मोठी फाल्कन अवॅक्स, म्हणजे उडती रडार, तीनच आहेत, जोडीला छोटी नेत्रा. मला विचाराल तर ४२ च्या आकड्यावर जेवढी चर्चा होते त्याच्या अर्धी जरी ह्या तीनवर झाली तरी बरं होईल.

युक्रेनचं उदाहरण सगळ्यात बोलकं. त्यांना २०२४ च्या ऑगस्टपासून एफ-१६ मिळाली, युरोपनं वापरून झालेली, मूळ ऐंशीच्या दशकातली. ती रशियाच्या सुखोई-३५ ला भिडायला जात नाहीत, लांब पल्ल्याच्या आर-३७ मिसाईलपुढे ते शहाणपणाचं नाही, ती मागे राहून क्रूझ मिसाईल आणि शाहेद ड्रोन पाडतात. पुढे त्यांना लेझरनं नेम धरणारी स्वस्त रॉकेटं लावली, कारण स्वस्तातल्या ड्रोनवर महागडं मिसाईल उडवून कुठलाच देश फार दिवस टिकत नाही. ओडेसाकडे तर याक-५२, पंख्याचं ट्रेनर विमान, मागच्या सीटवर माणूस बंदूक घेऊन बसलाय आणि ड्रोन टिपतोय, खरंच! आपल्याकडे मे २०२५ मध्ये एल-७० तोफांनी हेच केलं, तोफ जुनी पण नजर आणि नेटवर्क नवीन.

पण समोर तोडीचं हवाई दल असेल तर? जून २०२५ ला इराणचं काय झालं बघा. शहाच्या काळात घेतलेली एफ-१४, एकूण ७९ आली होती, ऐंशीच्या दशकात इराकविरुद्ध त्यांचं रडार इतकं दमदार की तेच उडतं रडार म्हणून वापरायचे. चाळीस वर्षांनी इस्रायलनं त्यातली काही जमिनीवरच उडवली, हवेत मुकाबला असा झालाच नाही. आणि आपलं २७ फेब्रुवारी २०१९, बालाकोटनंतर पाकिस्तानशी झालेली हवाई चकमक, त्यात आपलं एक बायसन पडलं. बायसन म्हणजे अपग्रेड केलेलं मिग-२१, पायलटची हिंमत वादातीत, पण रेडिओ जॅम झाला आणि मागे फिरायची सूचना पोचली नाही असं तेव्हा छापून आलं. त्याच सकाळी बडगामला आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच मिसाईलनं पडलं, आतले सहाजण आणि खाली एक गावकरी गेला. ओळख पटवणं आणि बोलणं, ह्या दोन गोष्टी जुन्या विमानात शेवटी बसवल्या जातात आणि पहिल्यांदा कमी पडतात.

एक चिठ्ठी आलीये, तेजस येईपर्यंत काय? ८३ तेजस मार्क-१ए ची ऑर्डर २०२१ ची, अमेरिकेहून इंजिनं उशिरा आली, नाशिकच्या लाईनवरचं पहिलं विमान ऑक्टोबर २०२५ मध्ये उडालं. तोपर्यंत जग्वार, मिराज, मिग-२९ ओढायचीच आहेत, ओढा, पण जग्वार वापरणारा जगात आता आपण एकटाच देश, सुटा भाग मागायचा कुणाकडे? आणि विमान पडलं तर दुसरं बांधता येतं, पायलट तयार व्हायला वर्षं जातात, म्हणून निवृत्त मिग 'युद्धासाठी राखून ठेवा' याला माझा विरोध आहे.

दुसरी चिठ्ठी, पायलटशिवाय उडवता येतील का? येतात. अमेरिका जुनी एफ-४ आणि एफ-१६ मिसाईलच्या सरावाला टार्गेट म्हणून उडवत आलीये. आणि २०२० ला अझरबैजाननं एएन-२ नावाची दुहेरी पंखांची जुनीपुराणी विमानं रिकामी पाठवली, आर्मेनियानं ती पाडायला रडार चालू केली, आणि वर टपलेल्या ड्रोननी मग ती रडारच उडवली. हे काम मात्र मिग-२१ ला देता येईल, फक्त त्याला ताशी १६० किलोमीटरनं रमतगमत उडता येत नाही, त्यामुळे लँडिंगचा प्रश्न येईल, पण परत आणायचंच नसेल तर तोही नाही.