वसंतातलं नॅशनल पार्क

जानेवारीतली मॅरेथॉन उरकली की मुंबईतले धावणारे जरा मोकळे होतात. 42.195 किलोमीटरचं ओझं उतरलेलं असतं, पुढची स्पर्धा लांब असते, आणि नेमका त्याच सुमारास बोरिवलीच्या नॅशनल पार्कात वसंत येतो. पळायला याहून चांगले दिवस वर्षात नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

उजाडलं की बोरिवली पूर्वेच्या गेटमधून आत शिरायचं. हायवेची घरघर हळूहळू मागे पडते. दहिसर नदीत या दिवसांत पाणी कमी, दगडच जास्त. हवेत गारवा असतो. इथवर गप्पा मारत धावणारे पुष्कळ भेटतात. कान्हेरीचा रस्ता धरला की गर्दी पांगते.

हा रस्ता साधारण सहा किलोमीटरचा, शेवटी चांगलाच चढाचा. पण आज घड्याळ नाही, वर बघायचं. ही काटेसावर. अंगावर पान नाही, आणि फांदी न् फांदी लाल. बुलबुल, साळुंक्या, पोपट, सगळ्यांची मधासाठी झुंबड उडालेली. हिचं फूल पाकळी-पाकळीनं गळत नाही. अख्खं पडतं, डांबरावर थप्पकन आपटतं. खाली पडलेलं एक उचलून बघा: पाकळ्या जाड, मांसल, मध्ये पुंकेसरांचा झुबका, तळाशी बोट लावलं तर चिकट लागतं. बघून झालं की तिथेच ठेवा. ही फुलं चितळं आवडीनं खातात.

पुढे कुसुंब. मार्च लागला की हा लालेलाल दिसतो, पण ती फुलं नव्हेत, कोवळी पालवी. आणि तांबट, मुंबईचा शहरपक्षी. तो पानांत सहसा सापडत नाही, पण त्याचं टुक्, टुक्, टुक् एका लयीत चालूच असतं. चढावर दम लागला की पावलं आपसूक त्या लयीवर पडायला लागतात. मला या रस्त्यावरचं सगळ्यात जास्त काय आवडतं, तर हेच.

वर कान्हेरी. काळ्या कातळात कोरलेली शंभराहून जास्त लेणी, आणि पावसाचं पाणी साठवायला भिक्खूंनी खोदलेली टाकी. इथे थोडं बसा, पण फार वेळ नको. या दिवसांत पूर्वेकडून जमिनीवरचे कोरडे वारे येतात. समुद्रावरचा वारा उशिरा सुटला, तर पारा पस्तिशी सहज ओलांडतो. साडेआठच्या आत गेटवर परतलेलं बरं. आणि अंधारात एकट्यानं इथे पळू नये. शंभर चौरस किलोमीटरहून मोठं हे जंगल बिबट्याचं घर आहे.

गेटजवळ पाड्यांवरच्या बायका बोरं, चिंचा, काकड्या घेऊन बसलेल्या असतात. तिखट-मीठ लावलेली काकडी घ्या, आणि पुढच्या रविवारची वेळ सोबत्यांशी तिथेच ठरवून टाका. काटेसावरीचा बहर फार दिवस टिकत नाही.