नोरा होल्ट : छापले तेवढेच उरले

कॅन्सस राज्यातील कॅन्सस सिटी येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी जन्मलेल्या लीना डग्लस लहानपणापासून चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असत. पुढे नोरा होल्ट या नावाने ओळखल्या गेलेल्या या बाईंनी १९१७ मध्ये ‘शिकागो डिफेन्डर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात संगीतसमीक्षा लिहायला सुरुवात केली आणि १९१८ मध्ये शिकागो म्युझिकल कॉलेजची पदव्युत्तर पदवी संपादन केली. संगीतात ही पदवी मिळवणाऱ्या अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

गोऱ्यांच्या मालकीची वृत्तपत्रे त्या काळी कृष्णवर्णीय कलावंतांच्या मैफिलींची दखल क्वचितच घेत, त्यामुळे गायन कितीही रंगले तरी दुसऱ्या दिवशी त्याची कुठे नोंद राहत नसे. होल्ट यांच्या सदराचे मोल इथे कळते. मात्र लिहिण्यावरच त्या थांबल्या नाहीत. १९१९ मध्ये ‘नॅशनल असोसिएशन ऑफ निग्रो म्युझिशियन्स’ ही संस्था उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. या संस्थेची पहिली शिष्यवृत्ती मिळाली ती पुढे जगभर गाजलेल्या गायिका मॅरियन अँडरसन यांना. त्यानंतर होल्ट यांनी ‘म्युझिक अँड पोएट्री’ हे नियतकालिक काढले आणि त्यात ‘निग्रो डान्स’ ही स्वतःची पियानोरचना स्वरलिपीसह छापली.

त्यांची पाच लग्ने झाली. वृत्तपत्रांनी ती चवीने चघळली आणि त्या गदारोळात त्यांचे संगीतकार असणे जवळजवळ झाकून गेले, हे खेदाने नोंदवावे लागते. वाद्यवृंदासाठीच्या रचना, गाणी आणि इतर संगीत मिळून सुमारे २०० कृतींची हस्तलिखिते गोदामात ठेवून त्या परदेशी गेल्या, युरोपात आणि शांघायमध्येही गायल्या, पण परतल्यावर पाहतात तो सारी हस्तलिखिते चोरीला गेलेली! त्यांत पदव्युत्तर पदवीसाठी लिहिलेली ‘रॅप्सडी ऑन निग्रो थीम्स’ ही वाद्यवृंदरचनाही होती. वाचले ते फक्त नियतकालिकात छापून आलेले : ‘निग्रो डान्स’ आणि एक गाणे. संपादक होल्ट यांनी संगीतकार होल्ट यांना अशा रीतीने थोडेफार तरी राखले.

एवढ्या हानीनंतरही संगीतावरचे त्यांचे लेखन संपले नाही. १९४० च्या दशकात त्या न्यूयॉर्कच्या ‘ॲमस्टरडॅम न्यूज’साठी समीक्षा करू लागल्या आणि १९४५ मध्ये, समीक्षक-संगीतकार व्हर्जिल थॉमसन यांच्या पाठिंब्याने, त्या शहरातील संगीत समीक्षकांच्या मंडळाचे सदस्यत्व त्यांना मिळाले. त्या मंडळात तोवर एकही कृष्णवर्णीय समीक्षक नव्हता. १९५३ पासून सुमारे दशकभर डब्ल्यूएलआयबी या नभोवाणी केंद्रावर ‘नोरा होल्ट्स कॉन्सर्ट शोकेस’ हा कार्यक्रम त्या सादर करत राहिल्या, तेव्हा जिथे पूर्वी छापील रकान्यातून कलावंतांचा परिचय होत असे, तिथे आता त्यांचे प्रत्यक्ष गाणे-वाजवणेच श्रोत्यांच्या कानी पडू लागले. १९७४ मध्ये लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले.