ऑर्डरचं डेटा मॉडेल बदललं की डॉक्समध्ये नेमकं काय बदलायचं?

[कॅमेऱ्याकडे बघून]

नमस्कार. ऑनलाइन दुकानाच्या ऑर्डरच्या एपीआयमध्ये, म्हणजे एक सॉफ्टवेअर दुसऱ्याकडून ऑर्डरची माहिती घेतं त्या मार्गात, एक नवं फील्ड (माहितीचा रकाना) आलं, एकाचं नाव बदललं, एक स्टेटस वाढलं. कोड मर्ज झाला, म्हणजे मुख्य कोडमध्ये गेला, आणि कामाच्या तिकिटावर शेवटची ओळ उरली : डॉक्स (एपीआय वापरणाऱ्यांसाठीची माहितीची पानं) अपडेट करा. पुष्कळ ठिकाणी या ओळीचा अर्थ एवढाच घेतात की तक्त्यात एक ओळ वाढवायची, फील्डचं नाव आणि त्यापुढे टाइप, म्हणजे स्ट्रिंग (मजकूर) किंवा इंटिजर (पूर्णांक), लिहायचं आणि तिकीट बंद करायचं. ऑर्डरच्या बाबतीत एवढ्यानं भागत नाही.

प्रॉडक्टची किंमत आज बदलली तर एपीआय नवी किंमत देतो, विषय संपला. ऑर्डर ही झालेल्या व्यवहाराची नोंद असते. तिचा काही भाग खरेदीच्या क्षणी गोठतो : त्या वेळचा दर, त्या वेळचा कर, वस्तूचं तेव्हाचं नाव, दिलेला पत्ता. बाकीचा भाग नंतरही हलत राहतो : पेमेंट, पाठवणी, परतावा. हे दोन भाग कुठे वेगळे होतात ते डॉक्सनं सांगितलं नाही, तर वापरणारा डेव्हलपर अंदाज बांधतो, आणि त्या अंदाजावर कुणाचे तरी हिशोब उभे राहतात.

म्हणून ऑर्डरच्या प्रत्येक फील्डसमोर टाइपबरोबर चार उत्तरं हवीत. हे फील्ड कोण भरतं? कधी भरतं? नंतर बदलू शकतं का? आणि रिकामं आलं तर त्याचा अर्थ काय?

[स्क्रीनवर : हे चार प्रश्न]

आता कामाला लागू. सुरुवात जुन्या पानापासून करू नका. आधी खरे रिस्पॉन्स, म्हणजे एपीआयनं दिलेली उत्तरं, गोळा करा. टेस्ट स्टोअरमध्ये मुद्दाम वेगवेगळ्या ऑर्डर तयार करा : पैसे भरलेली साधी ऑर्डर, पैसे न भरलेली, रद्द केलेली, अर्धा परतावा दिलेली, दोन पार्सलांत गेलेली, खातं न उघडता केलेली, डिस्काउंटमुळे शून्य रकमेची, वेगळ्या चलनातली, आणि जिच्यातलं प्रॉडक्ट नंतर कॅटलॉगमधून काढून टाकलंय अशी एक. प्रत्येकीचा रिस्पॉन्स जेसन (नाव आणि व्हॅल्यू अशा जोड्यांत माहिती लिहिण्याची पद्धत) फाइलमध्ये ठेवा. मग तीन रकाने करा : स्कीमा (फील्ड्सची औपचारिक व्याख्या) काय म्हणतो, डॉक्स काय म्हणतात, रिस्पॉन्समध्ये प्रत्यक्ष काय येतं. तिन्ही जिथे जुळत नाहीत, तिथे काम आहे.

सगळ्यात जास्त तफावत रिकाम्या व्हॅल्यूंमध्ये, म्हणजे फील्डमध्ये काहीच नसतं तिथे, सापडते. फील्डचं नाव, म्हणजे ‘की’, मुळात आलंच नाही; नाव आलं पण व्हॅल्यू नल (काहीच नाही अशी खूण) आहे; नाव आलं आणि व्हॅल्यू रिकामी स्ट्रिंग आहे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वूकॉमर्स या वर्डप्रेसवरच्या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरच्या रेस्ट एपीआयमध्ये (वेबवरून वापरायच्या एपीआयमध्ये) खातं नसलेल्या ग्राहकासाठी कस्टमर आयडी नल येत नाही, शून्य येतो. हे माहीत नसलेला माणूस आयडी शून्य असलेला ग्राहक शोधत बसतो. तेव्हा ‘कस्टमर आयडी, इंटिजर’ एवढं लिहून थांबू नका. ‘शून्य म्हणजे खातं नसलेला ग्राहक’ हे त्याच ओळीत लिहा, खाली टीप म्हणून नको.

इथे ओपनएपीआय या एपीआयची स्कीमा लिहिण्याच्या मानक पद्धतीचा एक खड्डा आहे. आवृत्ती ३.० मध्ये नल चालेल हे सांगायला ‘नलेबल’ हा वेगळा शब्द होता. २०२१ मध्ये आलेल्या ३.१ मध्ये तो काढला, आता टाइपच्या यादीतच नल लिहावा लागतो. फाइलच्या डोक्यावरचा आवृत्ती क्रमांक बदलला आणि आतले ‘नलेबल’ तसेच राहिले, तर अनेक टूल्स त्यांच्याकडे सरळ दुर्लक्ष करतात. एररही येत नाही, आणि तुमचे डॉक्स सांगू लागतात की हे फील्ड कधीच नल नसतं. ‘रिक्वायर्ड’चीही अशीच गल्लत होते. रिक्वायर्ड म्हणजे फील्डचं नाव आलंच पाहिजे. त्याची व्हॅल्यू नल असू शकते की नाही, हा वेगळा प्रश्न.

[स्क्रीनवर : रकमांचा तक्ता]

आता पैसे. इथे जरा थांबू या, कारण ऑर्डरच्या डॉक्समध्ये सगळ्यात महाग चुका इथेच होतात.

रकमेचं फील्ड असेल तर ती कोणत्या एककात आहे ते आधी सांगा. काही एपीआय रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात, पूर्णांकात देतात. मग १०५० म्हणजे किती? चलनांच्या आयएसओ ४२१७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार डॉलरला दोन दशांश स्थळं आहेत, म्हणून १०.५० डॉलर. येनला एकही नाही, म्हणून १०५० येन. कुवेती दिनारला तीन आहेत, म्हणून १.०५० दिनार. ‘शंभरानं भागा’ असं डॉक्समध्ये लिहिलं असेल, तर ती ओळ आजच काढा.

दुसरी पद्धत दशांश रक्कम स्ट्रिंगमध्ये देण्याची. त्यामागचं कारणही लिहा. बायनरी फ्लोटिंग पॉइंटमध्ये (संगणकाच्या दशांश साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, थोडक्यात फ्लोटमध्ये) ०.१ अधिक ०.२ यांचं उत्तर नेमकं ०.३ नाही, त्याहून किंचित जास्त येतं. स्ट्रिंग का दिली ते सांगितलं नाही तर वाचणारा तिचं लगेच फ्लोट करतो, आणि तुम्ही घेतलेली काळजी वाया जाते. ‘डेसिमल टाइपमध्ये वाचा’ असं स्पष्ट सांगा.

त्यानंतर बेरीज. सबटोटल डिस्काउंटच्या आधीचं की नंतरचं? त्यात कर धरलाय का? शिपिंगवर कर लागतो का? हे शब्दांत समजावत बसण्यापेक्षा एक समीकरण द्या आणि त्याखाली खरे आकडे घाला.

[स्क्रीनवर : एकेक ओळ उमटते]

४५.०० च्या दोन वस्तू, ९०.००. ३०.०० ची एक. सबटोटल १२०.००. डिस्काउंट १२.००, म्हणजे १०८.००. शिपिंग ८.००, झाले ११६.००. त्यावर १० टक्के कर, ११.६०. एकूण १२७.६०.

आता ४५.०० च्या दोन वस्तूंपैकी एक परत आली. परतावा किती? ४५.०० नव्हे. डिस्काउंट किमतीच्या प्रमाणात वाटला, तर त्या वस्तूच्या वाट्याला ४.५० येतात. उरले ४०.५०, त्यावरचा कर ४.०५, म्हणून परतावा ४४.५५. ग्राहकाकडून शेवटी मिळाले ८३.०५. आता खरा प्रश्न : परताव्यानंतर ‘टोटल’ फील्डमध्ये १२७.६० दिसणार की ८३.०५? दोन्ही पद्धती योग्य असू शकतात. न सांगणं मात्र चालत नाही. जो रोजच्या विक्रीचा रिपोर्ट बनवतो, तो टोटलमधून परतावा वजा करतो. तुमच्या टोटलमध्ये तो आधीच वजा असेल, तर त्याच्याकडे तो दोनदा वजा होतो.

राउंडिंगचा नियमही याच पानावर हवा. १००.०० चा डिस्काउंट तीन सारख्या ओळींवर वाटला तर प्रत्येकी ३३.३३, बेरीज ९९.९९. उरलेला ०.०१ कुठल्या ओळीत जातो, पहिल्या की शेवटच्या? कर प्रत्येक ओळीवर राउंड होतो की एकूण रकमेवर? हे प्रश्न सपोर्टकडे हमखास येतात, आणि दोन वाक्यांत मिटतात.

दोन चलनं असतील तर दोन्हींची नावं आणि काम सांगा. मजेन्टो या दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘बेस ग्रँड टोटल’ आणि ‘ग्रँड टोटल’ असे वेगळे आकडे असतात, एक स्टोअरच्या मूळ चलनातला आणि दुसरा ऑर्डरच्या चलनातला. शॉपिफाय या दुकानाच्या सेवेत हेच ‘शॉप मनी’ (दुकानाच्या चलनात) आणि ‘प्रेझेंटमेंट मनी’ (ग्राहकाला दिसणाऱ्या चलनात). नमुना ऑर्डरमध्ये दोन्ही चलनं एकच ठेवली तर वाचणाऱ्याला फरक कळणारच नाही. नमुना वेगळ्या चलनांचाच घ्या.

[कॅमेऱ्याकडे]

स्टेटसकडे वळू. स्टेटसची नुसती यादी दिली तर अर्धंच काम होतं. कुठल्या स्थितीतून कुठे जाता येतं, आणि कोण नेतं, हेही हवं : ग्राहक, दुकानदार, पेमेंट गेटवे की वेळ संपल्यावर सिस्टिम स्वतः. मजेन्टोमध्ये ‘स्टेट’ आणि ‘स्टेटस’ ही दोन वेगळी फील्ड्स आहेत. स्टेट सिस्टिमचा प्रवाह ठरवतं, स्टेटस हे त्यावरचं लेबल, आणि दुकानदार नवी लेबलं तयार करू शकतो. इंटिग्रेशन लिहिणाऱ्यानं लेबलवर अट लावली तर एका दुकानात कोड चालतो आणि दुसऱ्यात नाही. अट स्टेटवर लावा, हे डॉक्सनं उघडपणे सांगायला हवं.

एकच स्टेटस दोन ठिकाणी दोन रूपांत दिसत असेल तर दोन्ही रूपं लिहा. वूकॉमर्सच्या डेटाबेसमध्ये स्टेटसच्या आधी ‘डब्ल्यूसी’ आणि डॅश असतो, रेस्ट एपीआय तेच स्टेटस त्या उपसर्गाशिवाय देतो.

नवं स्टेटस वाढवणं निरुपद्रवी वाटतं, पण ज्यांच्या कोडमध्ये एनम, म्हणजे चालणाऱ्या व्हॅल्यूंची ठरलेली यादी, काटेकोर आहे तिथे रिस्पॉन्स वाचणंच (पार्सिंग) कोलमडतं. यादीच्या वर पहिल्या दिवसापासून एक वाक्य ठेवा : या यादीत नवं स्टेटस येऊ शकतं, अनोळखी स्टेटस आलं तर ऑर्डर नाकारू नका, आहे तशी साठवा.

आयडी आणि वेळ यांवर थोडक्यात. आतला आयडी आणि ग्राहकाला दिसणारा ऑर्डर क्रमांक सहसा वेगळे असतात. कोणता शोधायला वापरायचा आणि कोणता फक्त दाखवायला, ते लिहा. ऑर्डर क्रमांकाच्या सुरुवातीला शून्यं असू शकतात, तेव्हा त्याला स्ट्रिंगच म्हणा. आयडी ६४ बिटांचा असेल तर जावास्क्रिप्टची मर्यादा नोंदवा : ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे पूर्णांक अचूक राहतीलच असं नाही. वेळ आरएफसी ३३३९ (इंटरनेटवर तारीख-वेळ लिहिण्याचं मानक) च्या रूपात आणि ऑफसेटसह, म्हणजे यूटीसीपासूनच्या फरकासह, दाखवा. ‘अपडेटेड अॅट’ (शेवटच्या बदलाची वेळ) कशाकशामुळे हलतं तेही सांगा, कारण त्याच फील्डच्या आधारे लोक डेटा सिंक करतात. परतावा दिल्यावर ते हललं नाही, तर तो परतावा त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

[स्क्रीनवर : जुना नमुना कोड आणि नवा नमुना कोड]

आता जुनं काढताना. वूकॉमर्सचं उदाहरण इथे फार उपयोगी आहे. पूर्वी ऑर्डर डेटाबेसमधल्या वर्डप्रेसच्या पोस्ट आणि पोस्टमेटा (पोस्टची जादा माहिती) टेबलांत साठायच्या. मग ऑर्डरसाठी स्वतंत्र टेबलं आली, आणि ऑक्टोबर २०२३ मधल्या ८.२ आवृत्तीपासून नव्या स्टोअरमध्ये तीच डीफॉल्ट पद्धत झाली. ज्या प्लगइन्सनी (जोड सॉफ्टवेअरनी) ऑर्डरची माहिती थेट पोस्टमेटातून वाचली होती, त्यांना कोड बदलून ऑर्डर ऑब्जेक्टच्या फंक्शन्सकडे जावं लागलं. असा बदल होतो तेव्हा संदर्भाचं पान दुरुस्त करणं सोपं असतं. जुना नमुना उरतो तो इतरत्र : क्विकस्टार्टमध्ये (झटपट सुरुवातीच्या पानात), वेबहुकच्या (बदल झाला की आपोआप येणाऱ्या सूचनांच्या) पानावर, एसडीकेच्या (तयार कोड-संचाच्या) रीडमीमध्ये, एररच्या स्पष्टीकरणात. लोक तिथूनच कॉपी करतात. म्हणून जुन्या फील्डचं आणि जुन्या फंक्शनचं नाव संपूर्ण रिपॉझिटरीत (कोड आणि डॉक्सच्या साठ्यात) शोधा. जिथे जिथे सापडेल ती प्रत्येक जागा पुल रिक्वेस्टमध्ये (तपासणीसाठी पाठवलेल्या बदलांच्या संचात) आली पाहिजे.

फील्डचं नाव बदललं म्हणून जुनी ओळ पुसू नका. ती ठेवा, डेप्रिकेटेड (आता वापरू नये) अशी खूण करा, बदली फील्ड कोणतं ते लिहा आणि बंद होण्याची तारीख द्या. एका जुन्या फील्डची दोन नवी झाली असतील तर रूपांतराचा नियम उदाहरणासह हवा. ‘नवं मॉडेल वापरा’ एवढ्या वाक्यावर कुणालाही मायग्रेशन करता येत नाही. रिस्पॉन्समध्येही सूचना देता येते : ‘सनसेट’ हेडर (रिस्पॉन्सच्या डोक्यावरची माहितीची ओळ) २०१९ च्या आरएफसी ८५९४ मध्ये आहे, ‘डेप्रिकेशन’ हेडर २०२५ च्या आरएफसी ९७४५ मध्ये. पहिला बंद होण्याची वेळ सांगतो, दुसरा डेप्रिकेट झाल्याची. डॉक्समधली तारीख आणि हेडरमधली तारीख एकाच ठिकाणाहून येऊ द्या. हातानं दोनदा लिहिलेल्या तारखा वेगळ्या होतातच.

परवानग्या विसरू नका. शॉपिफायमध्ये खास परवानगी नसेल तर अॅपला मागच्या ६० दिवसांच्याच ऑर्डर मिळतात. असा नियम ऑथेंटिकेशनच्या पानावर पुरून ठेवला, तर जुन्या ऑर्डर यादीत न दिसणारा डेव्हलपर स्वतःच्या कोडमध्ये बग शोधत राहतो. तो ऑर्डरच्याच पानावर, वरती हवा.

हे सगळं टिकवायचं असेल तर डॉक्स आणि स्कीमा एकाच पुल रिक्वेस्टमध्ये जायला हवेत. नमुना जेसन पानात हातानं टाइप करू नका. वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, पानात ओढून घ्या, आणि सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत, त्या फाइल्स स्कीमावर तपासा. त्याच तपासणीत नमुन्यातल्या रकमांची बेरीज जुळते का, तेही बघा. छोटी स्क्रिप्ट लागते, आणि चुकीचा नमुना छापण्यापासून ती दर वेळी वाचवते. वर्णन नसलेलं फील्ड अडवायला स्पेक्ट्रल या स्कीमा तपासणाऱ्या टूलमध्ये नियम लिहिता येतो. दोन ओपनएपीआय फाइल्समधला जुना कोड मोडणारा बदल ओएएसडिफ हे टूल दाखवतं. नमुन्यात खऱ्या ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन कधीही नको. ईमेलसाठी ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ हे डोमेन नमुन्यांसाठीच राखीव आहे.

चेंजलॉगमध्ये ‘ऑर्डर मॉडेल सुधारलं’ असं लिहू नका. कोणतं फील्ड, आधी काय होतं, आता काय आहे, कोणत्या आवृत्तीपासून, आणि वाचणाऱ्यानं काही करायचं आहे का, एवढं लिहा. काहीच करायचं नसेल तर तसं सांगा, त्यानंही लोकांचा वेळ वाचतो.

आणि जुन्या आवृत्तीची पानं त्या आवृत्तीचा सपोर्ट संपेपर्यंत काढू नका. शोधातून लोक तिथेच पोहोचतात, आणि त्यांचा चालू कोडही त्याच आवृत्तीवर असतो. पानाच्या वर पट्टी लावा : ही कोणती आवृत्ती आहे, कधी बंद होणार आहे, आणि हेच पान नव्या आवृत्तीत कुठे आहे. पट्टीतली लिंक नव्या डॉक्सच्या मुखपृष्ठावर नेऊ नका, थेट ऑर्डरच्या त्याच भागावर न्या.