सरकीची बाहुली

मंडळी, विषय ठरलाय 'खेळण्यांचं जतन'. तिकडे येतेच, पण आधी दिल्लीला जाऊन येऊ.

बहादूरशहा जफर मार्गावर, नेहरू हाऊसमध्ये शंकर आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय आहे. हंगेरीच्या राजदूतांनी मुलांच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून द्यायला एक बाहुली दिली. व्यंगचित्रकार शंकर पिल्ले तिच्यावर असे भाळले, की पुढे जातील तिथून बाहुल्या आणत राहिले. १९६५ साली संग्रहालय उघडलं. तिथे ८५ देशांच्या ६,०००हून जास्त बाहुल्या आहेत. कथकलीच्या साजातली बाहुली बघताना तर मी काचेला नाकच लावलं होतं. तरी काहीतरी चुकत होतं. बाहेर आल्यावर उमगलं, एकाही बाहुलीचा हात उसवलेला नव्हता.

माझ्या बाहुलीचा हात कायम उसवलेला असायचा. आमचं गाव जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात. दिवाळीनंतर ओसरीत कापसाचा ढीग पडायचा. आजीनं जुन्या लुगड्याची बाहुली शिवली आणि त्यातलाच मूठभर कापूस सरकीसकट भरला. पोट दाबलं की सरकी बोटांना लागायची. मला वाटायचं, हीच तिची हाडं. डोळे काजळाचे, ते सारखे पुसले जायचे. गुलाबाईच्या, म्हणजे मुलींच्या गाण्यांच्या सणाच्या महिन्यात, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, ती माझ्या काखेत बसून घरोघर यायची. गाणी झाली की खाऊ ओळखायचा, डबा हलवून. समोरच्या ताई, आठवतंय ना? डबा वाजला तर शेंगदाणे. आणि नाहीच वाजला तर? शिरा! बघा, मागच्या रांगेतूनसुद्धा आवाज आला.

एका मृगात ती गोठ्याच्या मागे राहून गेली. आठ-दहा दिवसांनी सापडली, तेव्हा पोटाची शिवण उसवून दोन हिरवे कोंब बाहेर आले होते. एकाच्या डोक्यावर सरकीचं टरफल टोपीसारखं अडकलेलं. मी भोकाड पसरलं. आजी म्हणाली, "रडू नको व माय, तुनी पोर बाळंत व्हयनी!" आणि बाहुली होती तशी मोरीजवळ मातीत पुरली. दिवाळीच्या सुमारास त्या झाडाची बोंडं फुटली. कापूस निघाला जेमतेम एवढा, की नव्या बाहुलीचं डोकं तेवढ्यात झालं. धड दुसऱ्या कापसाचं.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं राहिलीत. तर मुद्दा असा. आपल्या चिंध्यांच्या बाहुल्या, ज्वारीच्या चिपाडाच्या गाड्या, पोळ्याचे मातीचे बैल काचेआड ठेवायला उरलेलेच नाहीत. ते खेळून खेळून संपले, आणि संपायलाच हवे होते. जपायचं ते करणं. डोक्यावरचं कापड कसं मुरडायचं, मान दोऱ्यानं किती आवळायची, हे सत्तरीच्या पुढच्या बायकांच्या हातात अजून आहे. मोबाईलवर त्यांचे हात टिपा, नुसते चेहरे नकोत. शाळेत आठवड्याचा एक तास आजीला द्या. एका शाळेत हे सुचवलं, तर उत्तर मिळालं, चिंध्यांनी वर्ग घाण होतो. मला ते अजून लागतं. आणि जळगावात एक खोली हवी, जिथे मुलांना बाहुली हातात घेता येईल, फाडता येईल आणि तिथेच बसून शिवता येईल.

वेळ संपली. या पिशवीत लुगड्याचे तुकडे, सुई-दोरा आणि सरकीसकट कापूस आहे. चहा येईपर्यंत एक होईल. ताई, या पुढे, मान तुम्ही आवळा.