समितीच्या बैठकीतला खासदार

श्रोतेहो, नमस्कार.

अधिवेशन सुरू झालं की टीव्हीवर सभागृह दिसू लागतं. घोषणा, फलक, अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरलेले सदस्य आणि मग तहकुबी. ‘यांना आपण यासाठी निवडून दिलं का?’ असं आपण चिडून म्हणतो, आणि ती चीड अगदीच खोटी नाही. पण लोकप्रतिनिधीच्या कामाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग टीव्हीवर येतच नाही. तो बंद दाराआड, समितीच्या बैठकीत चालतो. आज त्याविषयी बोलायचं आहे.

एक उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०१९ मध्ये लोकसभेने सरोगसीचं विधेयक मंजूर केलं. मूल होत नसलेल्या जोडप्यासाठी दुसऱ्या बाईने गर्भ वाढवायचा, त्याचे हे नियम. विधेयकात अट होती की ती बाई जोडप्याच्या जवळच्या नात्यातलीच हवी. शिवाय पाच वर्षं मूल झालं नाही तरच जोडप्याला हा मार्ग खुला. आता आपल्या घरांचा विचार करा. धाकट्या जावेला किंवा नणंदेला घरच्यांनी गळ घातली, ‘आपल्याच माणसांसाठी करायचंय’ म्हणाले, तर तिला नाही म्हणता येईल? संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०१७ सालीच, आधीच्या विधेयकावरच्या अहवालात ही भीती मांडली होती.

राज्यसभेने हे नवं विधेयक २३ सदस्यांच्या प्रवर समितीकडे, म्हणजे त्या एका विधेयकासाठीच नेमलेल्या समितीकडे सोपवलं. भूपेंद्र यादव तिचे अध्यक्ष होते. समितीने कलम न् कलम तपासलं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये अहवाल दिला. नात्याची अट काढा, स्वतःहून तयार असलेली बाई चालेल. पाच वर्षांची अट काढा. ३५ ते ४५ वयाच्या विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांनाही ही सोय द्या. आणि गर्भ वाढवणाऱ्या बाईचा विमा १६ महिन्यांऐवजी ३६ महिन्यांचा करा. हे शेवटचं ऐकायला किरकोळ वाटेल. पण बाळंतपणानंतरची दुखणी कधी कधी वर्ष-दोन वर्षांनी डोकं वर काढतात, आणि तोवर मूल घेऊन गेलेलं जोडपं कुठे असेल याचा भरवसा नाही. डिसेंबर २०२१ मध्ये कायदा मंजूर झाला तेव्हा त्यात ३६ महिने होते.

समितीचं सगळंच सरकार ऐकतं असं नाही. त्या बाईला तिच्या कष्टांचा मोबदला मिळावा, ही २०१७ च्या समितीची शिफारस मान्य झाली नाही. ती व्हायला हवी होती असं मला वाटतं. नऊ महिने एका बाईचं शरीर राबतं, डॉक्टर आणि दवाखाना आपापलं बिल घेतात, आणि तिनेच तेवढं परोपकार म्हणून करावं, हे पटत नाही.

हे समितीत का जमतं आणि सभागृहात का नाही? समितीत पक्षाचा व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षादेश, चालत नाही. कॅमेरा नसतो, त्यामुळे मतदारसंघाला ऐकवण्यासाठी आवाज चढवावा लागत नाही. संसदेत १९९३ पासून खात्यांनुसार स्थायी समित्या आहेत. आज त्या २४ आहेत. प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य, आणि मंत्र्याला त्यात जागा नाही. अर्थसंकल्प मांडला की त्या त्या खात्याच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खर्चासाठी मागितलेल्या रकमा, या समित्यांपुढे येतात. खात्याचे सचिव साक्षीला बसतात. गेल्या वर्षीचा निधी का पडून राहिला, काम कुठे अडलं, असे प्रश्न सुरू होतात. तयारी करून आलेला खासदार इथे लगेच ओळखू येतो, आणि न आलेलाही.

झालेल्या खर्चाचा जाब लोकलेखा समिती विचारते. सरकारचे हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे अहवाल तिच्यापुढे येतात. १९६७ पासून तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी हे त्या प्रघातातले पहिले अध्यक्ष.

महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना यातली एक समिती चांगलीच परिचयाची असेल: विधिमंडळाची पंचायत राज समिती, म्हणजेच पीआरसी. ‘पीआरसी येतेय’ एवढं कानावर आलं की जिल्हा परिषदेत जुन्या लेखा आक्षेपांच्या फायली शोधायची धावपळ सुरू होते. आमदार जिल्ह्यात येतात, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष घेतात, शाळा आणि आरोग्य केंद्रं पाहतात. दौऱ्यातल्या बडदास्तीवर टीका होते, आणि ती व्हायलाच हवी. पण म्हणून ती तपासणीच नको असं म्हणू नये. प्रशासनाला वर्षानुवर्षांच्या आक्षेपांचं उत्तर लोकप्रतिनिधीसमोर बसून द्यावं लागतं, हे फार महत्त्वाचं आहे.

मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. २००९ ते २०१४ च्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती. २०१९ ते २०२४ मध्ये हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास आलं. २०२० चे तीन कृषी कायदे समितीकडे न जाताच मंजूर झाले आणि पुढच्याच वर्षी मागे घ्यावे लागले. शेतकऱ्यांना, बाजार समित्यांना, राज्यांना समितीपुढे बोलावून आधीच ऐकलं असतं, तर कायदे कदाचित वेगळे झाले असते, कदाचित झालेही नसते. निदान रस्त्यावर एक वर्ष गेलं नसतं.

समिती सहसा विधेयकावर जाहिरात देऊन सूचना मागवते. साधं पत्र किंवा ईमेल चालतो, वकील लागत नाही. मुदत मात्र बहुतेक वेळा जेमतेम पंधरा दिवसांची असते, त्यामुळे तुमच्या धंद्याशी, शेतीशी, नोकरीशी संबंध असलेलं विधेयक आलं तर लक्ष ठेवा. आपल्या राज्यातून लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ सदस्य जातात. आपला खासदार कुठल्या समितीवर आहे, हे संसदेच्या संकेतस्थळावर सापडतं. समितीचे अहवालही तिथेच आहेत. अहवालाच्या शेवटी बैठकांची इतिवृत्तं जोडलेली असतात आणि प्रत्येक बैठकीला कोण हजर होतं, त्यांची नावं त्यात छापलेली असतात. पुढच्या वेळी खासदार तुमच्या गावात आले, की ती यादी वाचून त्यांना भेटा.

नमस्कार.